कोयता सबंध काढ

मामाचा पोरगा मला अक्का म्हणतो. भाद्रपदातल्या एका दुपारी त्यानं मोबाईलवर तीन चित्रं पाठवली आणि खाली लिहिलं, "यातलं कोणतं? सोमवारी चढवायचंय."

पहिल्यांदा मला वाटलं, कुणाची लग्नपत्रिका असेल. मग वाटलं, कॅलेंडर. एका चित्रात काळ्या रंगावर मधोमध मोडलेला कोयता, त्यावर लाल फटकारा. दुसऱ्यात डोक्यावर उसाची मोळी घेतलेली पाठमोरी बाई. तिसऱ्यात पाचटाच्या कोप्यांची, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांची रांग, मागं नारिंगी उजाडलेलं आणि चुलींचा धूर. मी विचारलं, "काय चढवायचंय? कुठं?"

"गेम. इंटरनेटच्या दुकानात. हे त्याचं कव्हर हाय."

तो गेम करतोय हे मला माहीत होतं. परभणीला कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायचं आणि उरलेला सगळा वेळ बोरी गावातल्या घरात बसून गेम, असं तीन वर्षं चाललं होतं. त्यात बंदूक नाही, भूत नाही. खेळणाऱ्यानं एकट्या बाईच्या रूपात ऊसतोडीचा एक हंगाम काढायचा. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, पाणी आणायचं, पुन्हा उसाच्या फडात. गेमचं नाव 'अर्धा कोयता'.

आणि ह्याच नावावरून आमचं भांडण झालं होतं. महिनाभर आम्ही बोलत नव्हतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत माणसं माणसांत मोजत नाहीत, कोयत्यात मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम टोळी बांधताना विचारतो, "किती कोयते?" त्यात एखादी बाई एकटी असली, नवरा मेलेला, सोडून गेलेला किंवा अंथरुणाला खिळलेला, की ती अर्धा कोयता. जित्या बाईला अर्धं अवजार म्हणायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटू नये! मी मानवतला राहते, ऊसतोड बायकांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते, वाटते, सह्या गोळा करते. दोन वर्षं आमच्या प्रत्येक पत्रकात एक मागणी ठरलेली आहे: 'अर्धा कोयता' हा अपमानास्पद शब्द बंद झालाच पाहिजे! आणि माझाच मामेभाऊ तो शब्द कपाळावर लावून दुकानात बसणार?

"मग काय नाव देऊ?" तो तेव्हा म्हणाला होता.

"एकल महिला ऊसतोड मजूर."

"अक्का, खेळायचंय लोकायला, फॉर्म न्हाई भरायचा."

मी फोन ठेवला होता. त्यामुळं आता त्यानंच विचारलं तेव्हा मी जरा भाव खाल्ला. "मला काहून विचारायलास? मला गेममधलं काय कळतंय?"

"तू पत्रकं काढतीस. लोक कशानं थांबतेत ते तुला ठाऊक."

हे मात्र खरं होतं. निदान तोवर मला तसं वाटत होतं. आम्हाला शिबिरात शिकवलं होतं की पत्रकाचा मथळा चालत्या बैलगाडीतून वाचता आला पाहिजे. वर एक प्रश्न, खाली मागणी, मध्ये रिकामी जागा सोडायची नाही, आणि रडणाऱ्या बाईचं चित्र कधी टाकायचं नाही, लोक हळहळतात आणि खिशात घालतात. एवढं शिक्षण असल्यावर तीन चित्रांतलं एक निवडायला काय लागतं?

मी आमच्या नेहमीच्या छापखान्यात गेले. तीनही चित्रं आमच्या नेहमीच्या गुलाबी कागदावर छापून मागितली, प्रत्येकी पंधरा.

छापखानेवाले काका कागद उजेडात धरून बघत राहिले. "ताई, ह्या बारीला मजकूर कुठाय?"

"मजकूर नाही. चित्रच आहे."

"बिगर मजकुराचं पत्रक? तुमचं?" त्यांना खरंच काळजी वाटली. "बरं हाय ना घरी?"

शनिवारी सकाळी एसटीनं बोरीला गेले. मामाच्या घरी जायच्या आधी पिठाच्या गिरणीवर थांबले, कारण लाईट गेली होती आणि सात-आठ बायका ज्वारीचे डबे घेऊन पायऱ्यांवर बसल्या होत्या. वाट बघणाऱ्या बायका म्हणजे पत्रकाला सोनं. मी सवयीनं गुलाबी कागद वाटले आणि म्हणाले, "कोणतं चांगलं वाटतंय, तेवढं सांगा."

एकीनं कागद उलटा-सुलटा केला. "ग्रामपंचायत लागली का गं?"

"नाही मावशी."

"मग चिन्ह कशाला वाटायलीस? गेल्या बारीला कपबशी होती. आता कोयता आलाय बाई."

"मोडका हाय की," दुसरी म्हणाली. "कोणाला भेटला हा? पडंल बिचारा."

"ही मोळीवाली बरी हाय."

"हिचं तोंड कुठाय? तोंड फिरवून मत मागायलीय व्हय?"

"अन् हे कोपीचं?"

"हे घरकुलाचं दिसतंय. ह्याला देऊ. निदान घर तरी दावायलाय."

हसून हसून डबे हलले. मी दहा वेळा सांगितलं की ही निवडणूक नाही, हा खेळ आहे, कॉम्प्युटरवरचा. एक म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली, "तेच की. खेळच असतोय तो." लाईट आली आणि सगळ्या डबे उचलून आत गेल्या. मी वहीत लिहिलं: लोकांचा प्रतिसाद. कोपी चार, मोळी तीन, मोडका कोयता एक, तोही दया म्हणून. ह्या आकड्यांचं काय करायचं ते मला कळेना.

घरी पोचले तर मामा ओसरीत खाटेवर. सहा वर्षांपूर्वी ट्रकवर मोळ्या रचताना ते वरून पडले, कंबर गेली. तेव्हापासून ते काठी धरून अंगणापर्यंत जातात, आणि मामी दर दसऱ्यानंतर एकटी टोळीबरोबर जाते. म्हणजे गेममधली बाई कोण हे वेगळं सांगायलाच नको. मोळी डोक्यावर घेताना गेममध्ये 'हं' असा एक आवाज येतो, तोसुद्धा मामीचाच. पाण्याची घागर उचलताना पोरानं मोबाईल पुढं धरून घेतलेला.

मी गुलाबी कागद मामेभावापुढं ठेवले आणि गिरणीवरचा निकाल वाचून दाखवला. त्यानं डोक्याला हात लावला.

"अक्का! तू हे वाटलंस? एवढाले?"

"मग? बैलगाडीतून दिसायला पाहिजे."

"बैलगाडीतून कोण बघतंय? इकडं ये."

त्यानं लॅपटॉप उघडला आणि दुकान दाखवलं. मी दुकान म्हणजे दुकान समजत होते. ते म्हणजे नुसत्या चौकटी. आगपेटीच्या लेबलाएवढी चित्रं, एकाखाली एक, संपतच नव्हती. तलवारी, डोळे, कवट्या, मोठ्या डोळ्यांच्या पोरी. तो बोटानं भराभर वर ढकलत होता.

"थांब की, नीट बघू दे!"

"लोक असंच जातेत, अक्का. थांबत न्हाईत. ह्यातल्या एकावर हात गेला पायजे."

मग त्यानं आपली तीन चित्रं तेवढी बारीक करून त्या गर्दीत बसवून दाखवली. आणि माझं सगळं बिघडलं. मला मनातून मोळीवाली बाई आवडली होती. कष्ट होते, पण लाचारी नव्हती. बारीक झाल्यावर ती बाई राहिलीच नाही. खाली दोन काड्या आणि वर झुडूप.

"झाड चालायलंय," मीच म्हणाले.

कोप्यांचं चित्र बारीक झाल्यावर नुसता नारिंगी डाग. तसंही ते मला पटत नव्हतं. पाचटाच्या कोपीत साप निघतात, आणि हे चित्र बघून कुणालाही तिथं सहलीला जावंसं वाटेल. मी तसं बोललेही. राहिला मोडका कोयता. तो मात्र आगपेटीएवढा झाला तरी काळ्यावर लख्ख दिसत होता.

"माझ्या ओळखीच्या सगळ्या गेमवाल्यांनी हाच सांगितला," मामेभाऊ म्हणाला. "पहिला हात ह्याच्यावरच जातोय म्हणले. पुण्याच्या एकानं विचारलं, ह्यात खून किती हायेत?"

"काय?"

"त्यायला कोयता म्हणलं की तेच दिसतंय ना."

माझं टाळकंच सरकलं. ज्या कोयत्यावर ह्या जिल्ह्यातली निम्मी घरं चालतात, तो शहरात गेला की गुंडाचा! चार टोळभैरव कोयता घेऊन नाचतात, पेपरात मोठ्या अक्षरात येतं, आणि आमची माणसं हिशोबातच नाहीत. मी बोलत सुटले. मामेभावानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, "बरं, तुमच्या पत्रकावर वर काय असतंय?"

आमच्या पत्रकावर वर कोयता असतो. मुठीत धरलेला, उगारलेला.

"ते वेगळं आहे," मी म्हणाले. कसं वेगळं, ते त्यानं विचारलं नाही, बरं झालं.

"मग हाच ठेव," मी शेवटी म्हणाले. "मोडका कोयता. अर्धा कोयता, अर्धं आयुष्य, त्याचं प्रतीक म्हणून चांगलंच आहे."

"मला बी तसंच वाटायलंय. पण मायला दाखवलं न्हाई अजून."

"मग दाखव."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माय न्हाई म्हणली तर मी चढवणार न्हाई. कव्हरच न्हाई, गेमच न्हाई. तिला तसा शब्द दिलाय."

तीन वर्षांचं काम आणि ते अशा धाग्यावर टांगलेलं! मला त्याचा रागही आला. इतके दिवस दाखवलं का नाहीस? पण त्याचा चेहरा बघून विचारलं नाही. भीती वाटत होती, दुसरं काय!

मामी दुपारी सोयाबीनच्या काढणीवरून आली. हातपाय धुतले, ओसरीत बसली. पोरानं मोबाईल दिला. तिनं तो धरला तसा तिच्या अंगठ्याखाली अख्खं कव्हर झाकून गेलं.

"कुठाय?"

"माय, अंगठा काढ."

अंगठा काढला. बघत राहिली. मला राहवेना म्हणून मी गुलाबी कागद पुढं केले. "मामी, मोठ्यात बघा."

मामाही खाटेवरून म्हणाले, "आण इकडं, मी बी बघू."

मोळीचं चित्र त्यांनी बाजूला ठेवलं. कोप्यांचं बघून म्हणाले, "कोप्या बेस्ट काढल्यात. अशा असत्या तर मी अजून बी गेलो असतो." मग मोडक्या कोयत्याचा कागद घेतला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

"हा मोडलाय की रे."

"अर्धा हाय ना बापू, म्हणून."

"अस्सं." ते कागदावर बोट फिरवत होते. "मग ह्याचा मोडलेला तुकडा कुठं गेला?"

मामीनं हात लांब करून त्यांच्या हातातला कागद घेतला, दोन घड्या घातल्या आणि मांडीखाली दाबला.

"हे न्हाई," ती म्हणाली.

"काहून माय?"

"मोडका कोयता फडात कोण नेतंय? मोडक्यानं ऊस तुटतोय का?"

"माय, ते खरं खरं मोडका असं न्हाई. अर्धा कोयता म्हणतेत ना, मनून..."

"अर्धा असं मुकादम म्हणतोय. लोहार म्हणतोय का? माझ्या हातात सबंध कोयता होता. कोयता सबंध काढ, न्हाईतर चढवू नको."

माझ्या अंगात वारं शिरलं. दोन वर्षांची मागणी मामीच्या तोंडून आपोआप येत होती! मी पुढं सरकले. "बरोबर आहे मामी! मग नावच बदल म्हणा ना त्याला. तो शब्दच नको!"

मामीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी चहात मीठ टाकलंय. "नाव काहून बदलायचं? मला तसंच म्हणतेत. नावात काय लपवायचं, पोरी?"

"पण अपमान आहे तो!"

"हाय की. मनून तर नाव ते ठेव म्हणायलेय."

"आणि चित्र?"

"चित्रात मोडू नको."

मी वही काढली आणि बंद केली. काय लिहिणार? शब्द राहू दे, पण चित्र त्या शब्दासारखं नको. दोन्ही एकाच वेळी. आमच्या पत्रकात असं काही बसत नाही, तिथं वर एक प्रश्न आणि खाली एकच मागणी. शिवाय आणखी एक गोष्ट टोचायला लागली. दोन वर्षं हा शब्द बंद करा म्हणून ओरडत होते, शेकड्यानं सह्या घेतल्या, पण माझ्या सख्ख्या मामीला कधी विचारलं नव्हतं.

मामेभावानं चित्र काढणाऱ्या मुलीला फोन लावला. ती पुण्याची, त्याची इंटरनेटवरची मैत्रीण. स्पीकर चालू होता.

"कोयता पूर्ण काढायचाय," तो म्हणाला.

"अरे, पण तूच म्हणालास ना, अर्धा? मी नावावरूनच तर मधोमध तोडला."

"अर्धा म्हणजे... तसा अर्धा न्हाई. दोघांचा मिळून एक कोयता. एकटी असली की अर्धा."

"म्हणजे अर्धा कोयता ही बाई आहे?"

"हां."

"मग मी तीन आठवडे काय काढत होते?"

त्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. सांगायचं असतं हेच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. कोयता म्हणजे जोडपं हे आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं. आणि तिचं चुकीचं चित्र आलं तेव्हा त्याला ते छान वाटलं, मी तर त्याला प्रतीक ठरवून टाकलं. गिरणीवरच्या बाईनं एका नजरेत सांगितलं होतं, मोडका हाय. मी ते वहीत दया म्हणून लिहिलं.

रविवारी सकाळी नवं चित्र आलं. सबंध कोयता, काळ्यावर. आणि आता तर तो आधीपेक्षा भयंकर दिसत होता! मोडका निदान बिचारा वाटत होता, हा सरळ मानेवर येईल असा. मामेभाऊ डोकं धरून बसला. मी म्हणाले, काळा रंग काढा, पाचटाचा पिवळा लावा. ते केलं. तरी धार ती धारच. पुण्याच्या त्या गेमवाल्यानं पुन्हा विचारलं असतं, खून किती.

मामीला दाखवलं. तिनं ह्या वेळी अंगठा बाजूला ठेवून मोबाईल धरला.

"मुठीला चिंधी कुठाय?"

"कसली चिंधी?"

"अरं, बिगर चिंधीचं हाताला फोड येतेत. लुगड्याची पट्टी गुंडाळतेत की." ती आत गेली आणि तिचा कोयता घेऊन आली. लाकडी मुठीला हिरवी, पिवळ्या फुलांची पट्टी, घामानं काळपट झालेली. "मारामारीचा कोयता अन् कामाचा कोयता चिंधीवरून वळखू येतोय."

आम्हाला येतं ओळखू. पुण्याच्या माणसाला येईल का? मुंबईच्या? परदेशातल्या? मी विचारलं तर मामी म्हणाली, "त्यायला न्हाई आलं तर त्यायनी विचारावं." हे काय उत्तर झालं का? कव्हर म्हणजे विचारायच्या आधीच सांगायला पाहिजे. का विचारायला लावायला पाहिजे? मला खरंच कळेना, अजून कळलेलं नाही.

चित्रात मुठीला चिंधी आली. आगपेटीएवढं केल्यावर पिवळ्यावर कोयता आणि मुठीशी एक हिरवा ठिपका. ना भीती वाटे, ना कीव येई. मामीनं मान डोलावली. नुसती मान. पोरगा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

सोमवारी गेम चढला.

दोन-तीन आठवड्यांनी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी बोरीला गेले होते. मामी टोळीबरोबर निघायची होती, तिचं पत्र्याच्या पेटीत भरणं चाललं होतं. कोयता सगळ्यात वर, पोत्यात गुंडाळून. मामेभावानं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. गेमखाली कुणा अनोळखी माणसानं इंग्रजीत प्रश्न टाकला होता. त्यानं मराठी करून सांगितला: "चित्रातला कोयता तर पूर्ण आहे. मग अर्धं कुठं आहे?"

"अक्का, तू लिही उत्तर. तुला जमतंय."

मी लिहायला बसले. पहिल्याच वाक्यात 'शोषण' आलं, दुसऱ्यात 'व्यवस्था', तिसऱ्यात उद्गारचिन्ह. पानभर झालं. वाचलं तर सगळं खरं होतं, आणि त्या माणसानं विचारलेलं त्यात कुठंच नव्हतं. खोडलं. पुन्हा लिहिलं, जोडपं म्हणजे एक कोयता वगैरे. ते शाळेतल्या टिपेसारखं झालं. तेही खोडलं.

"काय विचारायलाय तो?" मामा खाटेवरून म्हणाले.

पोरानं सांगितलं.

मामीचा पेटीतला हात थांबला. तेव्हा मला तो गुलाबी कागद आठवला, तिनं मांडीखाली दाबलेला. कोयता मोडू नको हे ती तेव्हा स्वतःसाठी म्हणाली होती, की खाटेवरच्या माणसासाठी, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. विचारून ती सांगेल असंही वाटत नाही.

मामा काठी शोधत होते. सापडल्यावर ती जमिनीवर टेकवून म्हणाले, "लिही, घरी हाय मनून."

मामेभावानं माझ्याकडं बघितलं. मामीनं पेटीचं झाकण लावलं, कडी घातली.

त्यानं तेवढंच टाईप केलं.